वर्षभर पारखलेल्या मुलाला पुन्हा प्रोबेशन कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. माटोळीचे (गणपतीसमोर फळाफुलांनी सजवायच्या मांडवीचे) सामान घ्यायला गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारात आला होता, जाता जाता सरांना भेटावे म्हणून डोकावला. हातात प्लास्टिकची फाइल होती. तिच्यात दोन कागद. एक राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र आणि दुसरा, ज्या कारखान्यात त्याने वर्षभर अप्रेंटिसशिप केली त्याच कारखान्याची नेमणुकीची ऑर्डर. मी त्याची पाठ थोपटणार एवढ्यात तो म्हणाला, “सर, दुसरे पान वाचा.” सहा महिने प्रोबेशन, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचा पारखण्याचा काळ, काम समाधानकारक न वाटल्यास आणखी सहा महिन्यांची वाढ, आणि तोपर्यंत कारण न देता कमी करण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे. मशीन तेच, सुपरवायझर तोच, खात्यातला बाकही तोच.

मी आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक होतो. या मुलाला मी पहिल्या दिवसापासून पाहिले आहे. आमच्याकडे सुरुवात लोखंडाच्या एका तुकड्याने होते. तो शेगड्यात (बाकावरच्या पकडीत) पकडायचा, कानशीने घासायचा, मग गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडासमोर धरायचा. पाते आणि लोखंड यांच्या फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. पहिल्या आठवड्यात मुलांच्या तळहाताला फोड येतात, काही जण घरी जाऊन “नको हा ट्रेड” म्हणतात. हा राहिला. पंधरा दिवसांनी त्याने तुकडा आणून दिला तेव्हा चारी बाजूंनी गुण्या फिरवूनही मला उजेड दिसला नाही. असा मुलगा दोन वर्षे शिकला, व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाला, मग कारखान्यात वर्षभर घासला गेला आणि तिथली परीक्षाही पास झाला. आता आणखी सहा महिने त्याचे नेमके काय पाहायचे राहिले, हे मला त्या ऑर्डरमधून कळले नाही.

प्रोबेशनला माझा विरोध नाही. अनोळखी माणूस कामावर घेताना मालकाने दोन-तीन महिने पारखून घ्यावे, यात गैर काही नाही. स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या, 1946 च्या कायद्याखालच्या नमुना नियमांत त्यासाठी तीन महिने धरले होते. पण तेवढा वेळ अनोळखी माणसासाठी होता. इथे तर मालकाने त्या मुलाला वर्षभर सकाळ-संध्याकाळ पाहिलेले असते.

वर्षभर काम करूनही तो मुलगा कायद्याच्या लेखी कामगार नव्हता, ही खरी मेख आहे. अप्रेंटिस कायदा 1961 च्या कलम 18 नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला पगार नाही, स्टायपेंड मिळतो. नियमांच्या 2019 च्या दुरुस्तीत आयटीआय झालेल्यासाठी तो महिना किमान 7,000 रुपये ठरवला गेला, आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून त्याच्या 25 टक्क्यांपर्यंत, पण महिना 1,500 रुपयांच्या आत, सरकार भार उचलते. भविष्य निर्वाह निधी नाही, सेवेचा एक दिवसही जमेला नाही. छाटणीविरुद्ध संरक्षण मिळायला बारा महिन्यांत 240 दिवस काम भरावे लागते. अप्रेंटिसशिपचे वर्ष त्यात धरले जात नाही आणि सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये 240 दिवस भरत नाहीत. म्हणजे वर्ष अधिक सहा महिने असा दीड वर्षाचा काळ हा मुलगा कारखान्यात येतो-जातो, आणि सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याला “येऊ नको” म्हटले तर त्याच्या बाजूने उभे राहायला जवळजवळ काहीच नसते. त्याच्या जागी पुढच्या बॅचचा अप्रेंटिस तयारच असतो. सगळे कारखानदार असे करतात असे मी म्हणत नाही. वेर्णा आणि कुंडई औद्योगिक वसाहतींत माझे विद्यार्थी आज फोरमन आहेत, आणि त्यांच्या मालकांनी त्यांना अप्रेंटिसशिप संपल्याच्या महिन्यातच पक्के केले होते. पण ते मालकाच्या मर्जीवर झाले, नियमाने नव्हे.

परदेशात हा प्रश्न कसा सोडवला आहे ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत नोंदणीकृत अप्रेंटिसशिपमध्ये प्रोबेशन सुरुवातीलाच असते. ते एकूण प्रशिक्षणाच्या 25 टक्के किंवा एक वर्ष, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त ठेवता येत नाही आणि तो काळ प्रशिक्षणात पूर्ण मोजावा लागतो. तिथली राज्येही हीच चौकट पाळतात. जर्मनीत प्रशिक्षणाच्या करारातला चाचणीचा काळ किमान एक महिना आणि जास्तीत जास्त चार महिने. त्या काळात मुलाला जमत नसेल तर त्याने जावे, मालकाला पटत नसेल तर त्याने सांगावे. पुढे मात्र मालकाला सबळ कारणाशिवाय करार मोडता येत नाही. आपल्याकडे शिकणे संपल्यावर परीक्षा नव्याने सुरू होते.

कारखानदार मित्र म्हणतात, अप्रेंटिसला नोकरी देण्याचे बंधन कायद्यातच नाही, आम्ही निदान देतो तरी. खरे आहे. 2014 च्या दुरुस्तीनंतर कलम 22 मालकाला एवढेच सांगते की प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांच्या भरतीबाबत स्वतःचे धोरण ठरवा. पण सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले होते की इतर गोष्टी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावे. म्हणजे त्या प्रशिक्षणाला काही किंमत आहे, हे न्यायालयाने मान्य केले आहे. प्रोबेशनच्या कागदावर मात्र ती किंमत शून्य धरली जाते.

कायदा केंद्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. तरी बहुतेक खासगी कारखान्यांपुरते समुचित शासन, म्हणजे हा कायदा राबवणारे सरकार, राज्य सरकारच आहे, आणि कामगार हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा, विषय आहे. औद्योगिक वसाहतींतले भूखंड सरकारी महामंडळ देते, उद्योगांना सवलतीही राज्य देते. तेव्हा एक अट घालणे पणजीतल्या राज्य सरकारला अशक्य नाही: ज्याने त्याच आस्थापनात, त्याच ट्रेडमध्ये अप्रेंटिसशिप पूर्ण केली आणि प्रमाणपत्र मिळवले, त्याला तिथेच नोकरी देताना प्रोबेशन लावू नये. लावायचेच असेल तर अप्रेंटिसशिपचा काळ त्यात धरावा. दुसऱ्या कारखान्यात गेल्यास तीन महिने, त्याहून जास्त नाही, आणि मुदत वाढवायची तर लेखी कारण द्यावे. कारखानदार मंडळींनी सांगावे की यात उद्योगाचे काय नुकसान होते.

कौशल्य विकास संचालनालयाने आणखी एक काम करावे. अप्रेंटिसशिपच्या कराराबरोबर मुलांना मराठी आणि कोकणीत एक साधे पान द्यावे. करार मुदतीआधी मोडायचा तर अप्रेंटिसशिप सल्लागाराकडे (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करावा लागतो, मालक मनाला येईल तेव्हा काढू शकत नाही, ओव्हरटाइमसाठीही सल्लागाराची मंजुरी लागते. हे माझ्या विद्यार्थ्याला वर्षभर कोणी सांगितले नव्हते. परवा मी सांगितले तेव्हा त्याने खिशातला पेन काढून फाइलच्या मागच्या बाजूला लिहून घेतले.

त्याने ऑर्डरवर सही केली आहे, घरी दुसरा पगार नाही. सहा महिने फेब्रुवारीत भरतील. तोपर्यंत सरकारने या प्रश्नावर निर्णय घ्यावा, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, डिचोली