काका, किल्ली माझ्याकडे आहे

प्रिय काका,

पत्र मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला यातलं एक अक्षर लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. मुद्दामच लिहितेय. समोर उभी राहून आभार मानायला गेले की तुम्ही मान वळवता, 'ग्रँड, ग्रँड' करता आणि विषय पावसावर नेता. चार वर्षांत दुसरं वाक्य पुरं करू दिलेलं नाहीत. आता माझा पोरगा तुमच्या खाटेशेजारी बसून ओळीओळीचं इंग्रजी करून सांगेल. खुब्याचं ऑपरेशन ताजं आहे, तेव्हा मध्येच उठून गाईंकडे बघायला जायची सोय नाही. ऐकावंच लागेल.

आणि हे सगळ्यांसमोर लिहितेय ते अशासाठी, की आमच्याकडे 'हँडबॉल' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑलिंपिकमधला गोल करायचा खेळ येतो. तो हा नव्हे. तुम्ही शिकवलात तो हा आयर्लंडचा भिंतीचा खेळ. छोटा रबरी चेंडू तळहाताने भिंतीवर हाणायचा, परतून आला की दुसरा टप्पा पडायच्या आत पुढच्याने तो पुन्हा भिंतीवर घालायचा. रॅकेट हरवलेलं स्क्वॉश म्हणा. सर्व्हिस ज्याच्याकडे त्यालाच गुण, आणि २१ ला गेम.

सगळं गाव तुम्हाला नुसत्या नावाने हाक मारतं, शाळेतली पोरंसुद्धा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून काका. तुम्ही त्याचा उच्चार अजून केकच्या आसपास कुठेतरी करता, पण ओ देता. नाव इथेही लिहीत नाही, गावाचंही नाही. तुमचीच अट.

आम्ही आयर्लंडमध्ये, रॉसकॉमनला आलो तो नोव्हेंबर होता. दुपारचा चहा होईतो अंधार. मी नर्सिंग होममध्ये ड्युटीवर, नवरा अजून कोल्हापुरात व्हिसाची वाट बघत, आणि नऊ वर्षांचं पोरगं शाळा सुटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये. गावात क्रिकेट नाही. शाळेत सगळे एकमेकांचे चुलतभाऊ. तो मागच्या अंगणात जाऊन लाँड्रीच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारत बसायचा, तासन्‌तास, कुणाशी न बोलता. तुम्ही बहिणीला भेटायला यायचात. एके दिवशी खिडकीतून पाहिलं तर पावसात छत्रीबित्री न घेता तुम्ही त्याच्यामागे उभे. मी धावत बाहेर आले, म्हटलं झाली तक्रार. तुम्ही म्हणालात, "याचा डावा हात झोपलेला आहे. आणि भिंत चुकीची आहे. माझ्याकडे याहून बरी आहे."

ती 'बरी भिंत' पहिल्यांदा पाहिली तेव्हा, खरं सांगते, मला ते छप्पर उडालेलं गोदाम वाटलं होतं. चर्चच्या मागे, दफनभूमीच्या वळणावर, तीन बाजूंना राखाडी काँक्रीट. समोरची भिंत ३० फूट उंच, बाजूच्या दोन्ही भिंती पायरीपायरीने उतरत गेलेल्या. जमीन ६० फूट लांब, ३० फूट रुंद, आणि भेगांतून गवत. एका कोपऱ्यात मेंढ्यांच्या लेंड्या. आयव्हीच्या वेलीने अर्धी भिंत गिळलेली, उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही एकट्याने विळा चालवून ठेवलेला. तुम्ही त्या मोकळ्या तुकड्याकडे असं बोट केलंत, जसं कुणी नवं घर दाखवतं.

आमच्या गावाला तालीम आहे, काका. आहे म्हणजे इमारत आहे. माझे आजोबा तिथे ताक, तेल, हळद घालून लाल माती मळायचे. आता दाराला कुलूप आणि आत कुणाच्या तरी सिमेंटच्या गोण्या. तुमच्या ॲलीत, म्हणजे हँडबॉलच्या या उघड्या कोर्टात, उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा त्या गोण्या आठवल्या. तुम्हाला तेव्हा हे बोलले नव्हते.

मग इतिहास सुरू झाला, तोही हप्त्याहप्त्याने. तुम्ही गवत उपटणार, मी पोती धरणार. १५२७ मध्ये गॉलवे शहराने फतवा काढला होता की शहराच्या भिंतींवर चेंडू मारायचा नाही. आयर्लंडमधला या खेळाचा सगळ्यात जुना लेखी पुरावा म्हणजे त्याच्यावरची बंदी! मी तुम्हाला पुणेरी पाट्यांबद्दल सांगितलं, 'येथे चेंडू आपटू नये' वगैरे, तर तुम्ही पोट धरून हसलात. पुढे १८८४ ची गोष्ट. टिपररीतल्या थर्ल्सच्या एका हॉटेलात १ नोव्हेंबरला मोजकी माणसं जमली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन उभी राहिली. तिने जे खेळ आपले म्हटले त्यांत हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा खेळ) आणि फुटबॉलच्या पंगतीत हँडबॉलही. पण मला लक्षात राहिलंय ते त्यानंतर दीडएक महिन्याने आर्चबिशप क्रोक यांनी लिहिलेलं पत्र. डब्लिनचं क्रोक पार्क स्टेडियम ज्यांच्या नावाचं, तेच. हातचेंडू, कुस्ती, पोरांच्या उड्या, सगळ्या देशी खेळांची यादी देऊन ते लिहितात की हे खेळ मेले, पुरले गेले आणि कित्येक गावांत तर विसरलेही गेले. १८८४ साली! तुमच्या गावची भिंत उभी राहायच्या कितीतरी आधी या खेळाचं सुतक पाळून झालं होतं. तुम्ही हे सांगताना वर पाहिलंही नाहीत, खुरपं चालूच होतं. "त्यामुळे मी फार मनावर घेत नाही," एवढंच.

भिंत बांधली तुमच्या वडिलांच्या पिढीने. वाळू नदीतून, खडी खाणीतून, आणि मजुरी फुकट. तुम्ही त्याला 'मेहल' म्हणालात, गावाने मिळून एकाचं काम उरकायचं, आणि ज्याचं काम त्याने जेवण घालायचं. मी म्हटलं, अहो ही तर आमची इर्जिक. त्या दिवसापासून तुम्ही सभेच्या नोटिशीवर 'इर्जिक' असंच लिहिता, आणि आमचे डॉक्टरसाहेब तो आयरिश शब्द समजतात. आयरिशमध्ये ॲलीला 'पिन्यूर' म्हणतात आणि घराच्या कोन्याच्या भिंतीलाही तोच शब्द, हेही तुम्हीच सांगितलंत. घराची भिंत मिळाली की खेळ सुरू.

रविवारी प्रार्थना सुटली की सगळं गाव ॲलीवर. शेजारच्या गावांशी सामने, पैजा, उन्हाळ्यात तिथेच नाच. मग पन्नासच्या दशकात चार लाखांवर माणसं देश सोडून गेली आणि १९६१ च्या जनगणनेत सबंध प्रजासत्ताकात २८ लाख माणसं उरली. आमच्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात आज याहून जास्त आहेत. तुमच्या तीन भावांपैकी तिघेही गेले. दुहेरीचा सामना लावायला चार माणसं जमेनात, असं तुम्ही म्हणालात, आणि मला वाटतं ओस पडलेल्या गावाचं याहून नेमकं माप नसेल. त्यात १९७० ची जागतिक स्पर्धा क्रोक पार्कला झाली आणि अमेरिकेतलं ४० बाय २० चं बंदिस्त कोर्ट रुजलं. छप्पर, उजेड, गरम हवा. त्याला तुम्ही कधी नावं ठेवत नाही. कॅव्हनच्या पॉल ब्रेडींनी २००३ पासून २०१५ पर्यंत लागोपाठ पाच वेळा जागतिक एकेरी जिंकली ती त्याच कोर्टावर, आणि ते नाव घेताना तुमचा आवाज बदलतो. पण पावसात उघड्या असलेल्या मोठ्या ॲल्या मागे पडल्या त्या पडल्याच. कुणी मेंढ्या कोंडल्या, कुणी चारा रचला.

अनुदानाच्या अर्जाचं थोडक्यात सांगते, नाहीतर माझा रक्तदाब वाढेल. लॉटरीच्या पैशातून खेळांना मदत मिळते, पण जागा कुणाच्या नावावर ते दाखवावं लागतं. आणि जागा? एका शेतकऱ्याने शंभर माणसांसमोर तोंडी दिलेली. ना कागद, ना सही. माझं सबंध माहेर सातबाऱ्याच्या भांडणात गेलेलं, त्यामुळे या विषयात गावात माझ्याइतकं तयार कुणीच नव्हतं. त्या शेतकऱ्याची नातवंडं बॉस्टनला निघाली. नाइट ड्युटी संपवून मी त्यांना ईमेल लिहायची, तुम्ही शेजारी बसून कोण कुणाचा कोण ते सांगायचात. पहिला अर्ज एका नकाशापायी परत आला. दुसरा लागला. बॉस्टनहून सहीच्या कागदांसोबत एक जुना फोटोही आला होता, आठवतो? भिंतीसमोर अकरा पोरं, त्यांतलं एक तुम्ही, दोन्ही गुडघे फुटलेले.

मुख्य आभार मात्र या कशाचे नाहीत.

पहिल्या हिवाळ्यात पोरगा रडत घरी आला होता, तळहात सुजून लाल. मी नर्स. मी ठरवलं, बास झालं. दुसऱ्या दिवशी तुमच्याशी भांडायलाच आले, तर तुम्ही ॲलीत बादली उपडी घालून बसलेले, पुढ्यात घमेलं, थर्मासमधून गरम पाणी ओतत होता. माझ्याकडे न बघता त्याचे दोन्ही हात पाण्यात धरलेत. एकेक बोट चोळून मोकळं केलंत, अंगठ्याखालचा गादीसारखा भाग तर दोनदा. "थंड हाताने मारलं की हाड दुखतं. ऊब आली की मार." मग खिशातून चेंडू काढलात, तोही गरम. थंडीत रबर मरतं, म्हणून तुम्ही चेंडू सकाळपासून अंगावर बाळगता हे मला तेव्हा कळलं. नंतर त्याचा उजवा हात तुमच्याच मफलरने कमरेला बांधलात आणि म्हणालात, आता खेळ. दीड तास तो नुसत्या डाव्या हाताने हुकत होता. तुम्ही एकदाही 'शाब्बास' म्हणाला नाहीत आणि एकदाही थांबवलं नाहीत. शेवटी एक चेंडू भिंतीच्या अगदी पायाशी लागला आणि टप्पाच न घेता जमिनीवरून सरपटत परत आला. तुम्ही म्हणता तो 'बट'. पोरगा माझ्याकडे वळून जे मराठीत ओरडला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण आयर्लंडला आल्यापासून तो घराबाहेर पहिल्यांदाच मराठीत ओरडला होता.

त्याच रात्री मी तुम्हाला म्हटलं होतं की आम्ही बहुधा परत जाऊ. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, हँडबॉलची १८८७ ची लढत सांगायला बसलात. फिल केसी इथल्या लीशहून अमेरिकेला गेलेले, ब्रुकलिनवासी. जॉन लॉलर डब्लिनचे. २१ गेमची लढत, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, पैज हजार डॉलरची. कॉर्कला दहा गेम झाले तेव्हा लॉलर ६–४ ने पुढे. मग बोटीने अमेरिका, आणि तिथे केसींनी लागोपाठ सात गेम घेऊन लढत खिशात घातली. मला वाटलं तुम्ही म्हणताय की गेलेला माणूस जिंकतो. तुम्ही मान हलवलीत. "प्रत्येक जण आपापल्या भिंतीवर जिंकला. तुझ्या पोराला भिंत हवी, मग तो कुठेही राहू दे." आणि उठून झोपायला गेलात. मी रात्रभर जागी.

आम्ही राहिलो. नवरा आला, त्याने पहिल्या आठवड्यात तुमच्यासोबत प्रेशर वॉशर धरून शेवाळ काढलं आणि तो अजून तुमच्याकडून सगळे गेम हरतो. फरशी नवी झाली. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एका भिंतीच्या खेळाची आखणी केलीत, १६ फूट उंच, २० फूट रुंद. न्यूयॉर्कच्या बागांमधून पोरं खेळतात तोच हा प्रकार. तुमच्या वयाच्या दोघांनी 'हा काय हँडबॉल झाला' म्हणून नाक मुरडलं. तुम्ही म्हणालात, पोरं येतील. आली. त्यातल्या निम्म्या मुली, आणि बुधवारी संध्याकाळी आम्ही बायका. मला अजून सर्व्हिस धड जमत नाही, पण शाळेच्या बाईंना मी एकदा २१–१९ ने हरवलंय. हे पोरग्याने वगळलं तर त्याला पुन्हा वाचायला लावा.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलला निघताना तुम्ही गाडीच्या खिडकीतून किल्ली माझ्या हातात ठेवलीत, निळ्या सुतळीतली. कमिटीत इतकी जुनी माणसं असताना. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात की रात्री पाऊस आहे.

पाऊस पडला. डाव्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं, ते झाडून काढलं; तिथला उतार बघावा लागेल, तुम्ही आल्यावर. कुलपाला तेल घातलंय. शनिवारी दहाला मुली येतील. चेंडू हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, ठेवलेत, टॉवेलांच्या मागे, आणि दोन थर्मास घेणार आहे, कारण आता एक पुरत नाही.

तुमची,
पोरग्याची आई