पदवीविना परदेशात इंग्रजी शिकवण्याचे आमिष

मा. संपादक यांस,

‘बारावी उत्तीर्ण पुरे, परदेशात इंग्रजी शिकवा’ अशा आशयाच्या जाहिराती हल्ली समाजमाध्यमांवर वारंवार दिसतात. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिक्षकाला कामाचा परवाना मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. दक्षिण कोरियाचा ‘ई-२’ हा भाषाशिक्षकांचा व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आदी सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी असून, भारतीयांना त्यात वाव मिळतो तो २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे, आणि तोही पदवी व शिक्षकाची पात्रता असेल तरच. कंबोडियात अनेक खासगी संस्था पदवीचा आग्रह धरत नाहीत, हे खरे. पण कामाचा परवाना तेथेही चुकत नाही.

केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासक्रमाला पदवीची सक्ती नाही. मात्र ते प्रमाणपत्र शिकवण्याची तयारी दाखवते, राहण्याचा हक्क देत नाही, आणि नेमका हाच भेद दलाल सोयीस्करपणे गाळतात. ‘आधी पर्यटक म्हणून जा, मग बघू’ हा त्यांचा सल्ला तर सर्वांत घातक. थायलंडमार्गे म्यानमारला नेऊन तरुणांना डांबणाऱ्या बनावट नोकऱ्यांबद्दल आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच इशारा दिला होता.

नोंदणीकृत भरती एजंटाला ३०,००० रुपये व जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, हे किती पालकांना ठाऊक असेल? आपल्या दैनिकानेही अशा छोट्या जाहिराती स्वीकारताना एजंटाचा नोंदणी क्रमांक छापण्याची अट घालावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, नाशिक