पाइप फुटला म्हणजे नेमकं काय झालं

टेक्सास, मार्च 2021

ती. बाबा आणि सौ. आईस साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पाणी गोठून पाइप फुटतो तरी कसा?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. आज सवडीनं लिहिते. आई, तूही हे वाच, कारण शेवटचं सगळं तुझ्यासाठीच आहे. आम्ही बरे आहोत आणि नळाला पाणी आलंय, हे आधी सांगून ठेवते.

टीव्हीवर तुम्ही पाहिलंतच. कडाक्याच्या थंडीच्या लाटेत 15 फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर इथल्या ग्रिडनं वीज तोडायला सुरुवात केली आणि 45 लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. दुसऱ्या दिवशी डॅलसला पारा उणे 19 अंशांवर होता. आम्ही हिल कंट्रीत, म्हणजे टेक्सासच्या मध्यावरच्या डोंगराळ भागात, गावापासून लांब, बोअरच्या पाण्यावर राहतो. लाइट नाही म्हणजे मोटर नाही आणि मोटर नाही म्हणजे पाणी नाही, हे लोडशेडिंगमध्ये रात्री-अपरात्री दारं धरलेल्या माणसाला मी काय सांगणार!

तर तुमचा प्रश्न. पाण्याचं बर्फ झालं की ते साधारण नऊ टक्के फुगतं. पण पाइप बहुतेक वेळा बर्फ धरतो तिथे फुटतच नाही. आधी मध्येच कुठेतरी बर्फाचा बूच तयार होतो. तो वाढत जातो आणि बूच ते बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला रेटतो. पाणी दबत नाही, दाब मात्र भयंकर चढतो, आणि मग जिथे कच्चं असेल तिथे तडकतं. म्हणून थंडीत नळाची बारीक धार चालू ठेवा असं सांगतात. दाबाला वाट मिळते. पण ही युक्ती शहरातल्यांची. मोटरच बंद असेल तर धार कुठून येणार? बोअरवाल्यानं मोटरचा ब्रेकर पाडायचा, सगळ्यात खालचा नळ उघडायचा आणि लाइन रिकामी करायची, हाच खरा उपाय.

मिनेसोटासारख्या थंड राज्यात पाण्याची लाइन सात-आठ फूट खोल पुरतात. इथे फूट-दीड फुटावरच चुनखडीचा कातळ लागतो, आणि एवढी थंडी पडेल असं धरून कुणी घर बांधलेलंच नसतं. आमच्या पंपघरात प्रेशर टाकीला एक स्विच आहे. दाब उतरला की तो मोटर चालू करतो. त्या स्विचला दाब पोचवणारी बोटाएवढी नळी सगळ्यात आधी गोठली. मग लाइट आल्यावरही मोटर उठेना. हेअर ड्रायरनं ती नळी शेकली आणि मोटर लागली. गोठलेला पाइप शेकताना नळ उघडा ठेवायचा आणि नळाकडून सुरुवात करून मागे जायचं, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडतं. उघड्या आगीनं मात्र शेकायचं नाही. पीव्हीसी मऊ पडतो आणि घरालाही धोका असतो.

पाणी सुरू झालं तेव्हा कुठे काय काय गेलंय ते कळलं. पंपघरातून घराकडे येणारा पीव्हीसी उभा चिरला होता. ही चीर दिसते त्यापेक्षा लांब असते, म्हणून दोन्हीकडे हात-हातभर सोडून कापावा लागतो. बाबा, तुमच्याकडून शिकलेलं कामी आलं: कडा घासून घ्यायची, ओल अजिबात ठेवायची नाही, सोल्युशन लावलं की थोडं फिरवून दाबून धरायचं. फक्त थंडीत सोल्युशन आवळायला फार वेळ घेतं. घाईनं पाणी सोडलं की जोड निसटतो. पाइप जोडायची कपलिंग तर कुठल्याच दुकानात मिळेनात. शेवटी तुमच्या जावयांच्या मित्रानं ओक्लाहोमातून पिशवीभर आणली. प्लंबर इतके कमी पडले की सरकारनं बाहेरच्या राज्यांतल्या प्लंबरना तात्पुरती मुभा दिली.

घरातला एक तांब्याचा पाइपही गेला होता. तो डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून जोडायचा, तर आतून थेंब थेंब पाणी येत राहतं आणि डाग धरत नाही. इथले जुने प्लंबर अशा वेळी पाइपात पांढऱ्या पावाचा गोळा कोंबतात. तो पाणी शोषतो, तेवढ्यात डाग देऊन होतो, आणि नंतर पाव विरघळून नळावाटे निघून जातो. तुम्हाला हे बघायला फार आवडलं असतं.

आता आई, तुझ्यासाठी. आमच्या रस्त्याच्या टोकाला तुमच्याच वयाचं एक जोडपं राहतं. त्यांचे पाइप माळ्यावरून जातात. लाइट आली, मोटर आपोआप लागली, बर्फ वितळला आणि छतातून पाणी कोसळायला लागलं. फुटलेलं गोठलेलं असेपर्यंत कळत नाही, वितळताना कळतं. व्हॉल्व बाहेर खड्ड्यात, जुना, चाकाचा, गंजलेला. आजोबांना वाकता येत नाही. आजींच्या बोटांत संधिवात, तुझ्यासारखाच. त्या दोन्ही हातांनी चाक फिरवायला बघत होत्या आणि ते हलत नव्हतं. आम्ही पोचून मोटरचा ब्रेकर पाडला, टाकीचा व्हॉल्व बंद केला, तोवर खोलीचं छत खाली आलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या घरी बर्फ पडणार नाही, पण गच्चीवरच्या टाकीपासून येणारा पाइप इतकी वर्षं उन्हात आहे. उन्हानं पीव्हीसी ठिसूळ होतो, कधीतरी तो जाणारच. आणि पाणी बंद करायचा व्हॉल्व कुठे आहे? गच्चीवर, टाकीखाली, लोखंडी शिडी चढून. बाबांचे गुडघे आणि तुझी बोटं घेऊन तिथे कोण जाणार?

मी पैसे पाठवलेत. गावातल्या प्लंबरला बोलवून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, कमरेइतक्या उंचीवर, दांड्याचा बॉल व्हॉल्व बसवून घ्या. पाव फेरा दिला की तो बंद होतो, जोर लागत नाही. गच्चीवरचा पाइपही त्याच दिवशी बदलून घ्या आणि वरून रंग द्यायला सांगा. बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही, खाली उभं राहून काम करवून घ्यायचं.

बसवून झालं की आई, प्लंबर जायच्या आत तू स्वतः तो चालू-बंद करून बघ. अंगठ्यात कळ आली तर लांब दांड्याचा मागून घे. झालं की मला फोन करा.

तुमची लेक