शस्त्रबंदीचा फलक लावला, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात पर्यटन हंगाम तोंडावर आला आहे. क्लब, कॅसिनो, लग्नांसाठी दिली जाणारी रिसॉर्ट्स अशा ठिकाणी ‘शस्त्र घेऊन प्रवेश नाही’ असा फलक लावणे योग्यच आहे. परवाना असलेल्या ग्राहकालाही हा नियम लावता येतो. शस्त्र परवान्याने बंदूक बाळगण्याची मुभा मिळते, ती घेऊन दुसऱ्याच्या खासगी जागेत शिरण्याचा हक्क मिळत नाही. मात्र फलक लावणाऱ्या बहुतेकांनी पुढचा विचार केलेला नसतो. ग्राहक दारात उभा आहे आणि त्याच्या कमरेला पिस्तूल आहे, अशा वेळी रखवालदाराने नेमके काय करायचे?

सगळ्यांना चटकन सुचते ते ‘काउंटरवर ठेवा, जाताना घेऊन जा’. नेमके हेच करू नये. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ३ नुसार बंदूक किंवा काडतुसे ताब्यात ठेवायला स्वतःचा परवाना लागतो. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याला शस्त्र नेता येते, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. टोकन देऊन क्लोकरूममध्ये तीन तास पिस्तूल ठेवणे यात बसत नाही. मालकाचा हेतू चांगला असला तरी ज्याच्या लॉकरमध्ये ते सापडेल तो अडचणीत येतो. शिवाय घेताना-देताना शस्त्र हाताळले जाते, आणि अपघात तिथेच होतात. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढले की पिस्तूल रिकामे झाले असे बाउन्सर समजतो, पण चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात चढलेली गोळी आतच राहते. म्हणून कर्मचाऱ्यांसाठी एकच नियम असावा: ग्राहकाच्या शस्त्राला हात लावायचा नाही आणि त्याला ते दारात रिकामे करायलाही सांगायचे नाही.

दुसरी पळवाट गाडीची. ‘गाडीत ठेवून या’ असे रखवालदार सांगतो आणि गाडीची चावी असते व्हॅलेच्या, म्हणजे गाडी लावून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात! म्हणजे भरलेले पिस्तूल अनोळखी माणसाच्या स्वाधीन झाले. भाड्याच्या गाडीचा ग्लोव्ह बॉक्स आणि किनाऱ्यालगतचे उघडे पार्किंग तर चोराला आमंत्रणच. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या नियंत्रणात असले पाहिजे. गाडीत सोडलेले पिस्तूल कोणाच्याच नियंत्रणात नसते.

मग योग्य काय? ग्राहकाला नम्रपणे बाहेरच थांबवावे, शस्त्र मुक्कामी ठेवून परत यायला सांगावे, प्रवेश शुल्क घेतले असेल तर तिथल्या तिथे परत करावे. पैसे अडकले की वाद चिघळतो. परवाना तपासण्याच्या भानगडीत रखवालदाराने पडू नये, कारण बंदी परवानाधारकालाही लागू आहे. ‘परवाना बघा ना’ म्हणत दारात चाललेली हुज्जत गर्दीसमोर वाढतच जाते. माणूस हटत नसेल, धमकावत असेल, तर ११२ वर फोन करावा. केवळ फलक ओलांडला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. निघून जा म्हटल्यावरही धाक दाखवण्याच्या हेतूने तो आवारात थांबला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खालील फौजदारी अतिक्रमणाचा प्रश्न येतो. त्यामुळे ‘बाहेर जा’ हे दोन साक्षीदारांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे. कर्तव्यावरील पोलिस अंगरक्षकाची गोष्ट वेगळी. त्याचे ओळखपत्र पाहून व्यवस्थापकाने निर्णय घ्यावा. खासगी अंगरक्षकाला मात्र ती सवलत देऊ नये.

राहत्या पाहुण्यांचे काय, हा रिसॉर्टवाल्यांचा खरा पेच. खोलीतल्या तिजोरीचा मास्टर कोड हॉटेलकडे असतो, त्यामुळे तीही निर्धोक नाही. हे आरक्षणाच्या वेळीच मिटवावे. पुष्टीच्या संदेशात, विशेषतः लग्नाच्या करारात, शस्त्र आणता येणार नाही हे लिहावे. गोव्याबाहेरून येणाऱ्या वरातींसाठी आणखी एक ओळ घालावी: आनंदाच्या भरात जीव धोक्यात घालणारा गोळीबार केल्यास शस्त्र अधिनियमातील २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

फलकाबाबत अमेरिकेतल्या टेक्सासकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे बंदुका सर्रास बाळगल्या जातात, म्हणूनच कायद्याने फलकाचा मजकूर ठरवून दिला आहे: इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, उठून दिसणाऱ्या रंगात, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत. आपल्याकडे कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत तेवढेच ठळक लिहावे. शॅकला, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळीला, तर दारच नसते. अर्धे ग्राहक रस्त्याने येतात, अर्धे वाळूतून, म्हणून समुद्राकडच्या बाजूलाही फलक हवा. मेटल डिटेक्टरची चौकट लोखंडी गेट, जनरेटर किंवा लिफ्टच्या मोटरशेजारी उभी केली की ती सतत वाजते आणि मग रखवालदार तिच्याकडे लक्ष देणेच सोडतो. हातातल्या डिटेक्टरने पाठीची खोलगट बाजू, काखा आणि घोटे तपासायला हवेत. बहुतेक ठिकाणी तो फक्त खिशांवरून फिरतो.

सत्तरी, सांगे या आतल्या तालुक्यांतल्या बागायतदाराची रानडुकरांसाठीची बंदूक क्लबात येत नाही. प्रश्न पाहुण्यांच्या शस्त्रांचा आहे आणि त्याची सोय सरकारलाच करावी लागेल. निवडणुकीच्या काळात पोलिस ठाण्यांत परवान्याची शस्त्रे पावती देऊन जमा करून घेतात, म्हणजे पद्धत ठाऊक आहे. किनारपट्टीतल्या ठाण्यांनी पर्यटकांची शस्त्रे मुक्कामापुरती अशीच ठेवून घ्यावीत, असा आदेश निघावा. पर्यटन खात्याने हॉटेलांच्या नोंदणीत आणि अबकारी खात्याने बारच्या परवान्यात फलकाची व ‘शस्त्र हातात घेणार नाही’ या नियमाची अट घालावी. नव्या हंगामातला पहिला शॅक उभा राहण्याआधी हे परिपत्रक निघाले पाहिजे.

— आदरातिथ्य व्यवसायातील सुरक्षा कर्मचारी, म्हापसा