यात 'वाईट झालं' कोठी लेयलं हाय?

संपादक महोदय,

सेलू तालुक्यात ३१ वर्षं टपाल वाटलं. ज्याला वाचता येत नसे त्याला दारातच पत्र वाचून दाखवायचो. कोपरा फाडलेलं कार्ड, म्हणजे कुणी गेल्याची खबर, हाती आलं की सायकलवरून उतरून चालत जायचो. असलं कार्ड कोणी घरात ठेवत नसे. वाचून झालं की तिथंच फाडायचे.

दिवाळीआधी गल्लीतली एक बाई कागद घेऊन आली. शेतात पऱ्हाटी उभी असतानाच तिच्या नवऱ्यानं जीव दिला होता. कागदावर जावक क्रमांक, संदर्भ, शासन निर्णयाची तारीख आणि खाली 'प्रकरण अपात्र'. म्हणजे जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकार देतं ती एक लाखाची मदत, ३० हजार हातात नि ७० हजार ठेव, काहीच नाही. मी दोनदा वाचलं. ती म्हणाली, "भाऊ, मंग यात वाईट झालं असं कोठी लेयलं हाय?"

लिंकनचं हेडमास्तरांना पत्र शाळाशाळांत टांगलेलं असतं. (ते त्याचंच असल्याचा पुरावा नाही, असो.) त्याचं खरं पत्र नातीनं मला वाचून दाखवलं, आता वाचून घ्यायची पाळी माझी. लढाईत पडलेल्या मित्राच्या मुलीला, फॅनीला, त्यानं २३ डिसेंबर १८६२ ला लिहिलं: आत्ता तुला खरं वाटणार नाही, पण पुन्हा बरं वाटेल, अनुभवानं सांगतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा ११ वर्षांचा विली गेला होता.

आणि आमचे सेवाग्रामचे बापू. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा कैदेतच गेल्या. व्हाइसरॉय वेव्हेलनं सांत्वन कळवलं. ज्याच्या कैदेत होते त्याचेच आभार मानून बापूंनी लिहिलं, की ती यातनांतून सुटली हे बरं, पण वाटलं होतं त्याहून जास्त तिचं जाणं लागलं. इतकं मोकळं तर आपण सख्ख्या भावालाही लिहीत नाही.

पात्र-अपात्र काय ते खुशाल ठरवा, नियम असतील. पण त्याआधी त्या घरी चार ओळी जाऊ द्या. मुख्यमंत्र्यांनी लिहाव्या, जिल्हाधिकाऱ्यांनी लिहाव्या, पण हातानं, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन. पोस्टकार्ड अजून ५० पैशांत मिळतं. छापील नको, छापील कोणतं ते आम्ही टपालवाले पत्त्यावरूनच ओळखतो.

त्या बाईनं कागद फाडला नाही. पुन्हा अर्ज करायचा तर जोडावा लागेल म्हणून सातबाऱ्यासोबत पिशवीत घालून घेऊन गेली.

आपला,
एक निवृत्त ग्रामीण डाकसेवक
ता. सेलू, जि. वर्धा