नेटवर्क इंटरफेसची टिपणं लिहून ठेवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

युनिक्स मशीनवर नेटवर्क इंटरफेस, म्हणजे मशीनला नेटवर्कशी जोडणारं कार्ड, कसा लावायचा, याची तुमची टिपणं आमच्या गटात सारखी उघडली जातात. त्यांच्याबद्दल आभार मानायला हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे या कामात नव्याने आलेल्यांनाही त्यातलं काही उचलता येईल.

सगळ्यात मोठा उपकार पहिल्याच पानावरच्या एका ओळीचा: इंटरफेसचा पत्ता दोन ठिकाणी असतो, चालू कर्नलमध्ये (सिस्टीमचा मेमरीत चालणारा गाभा) आणि बूटच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये. आयएफकॉन्फिगने किंवा लिनक्सच्या आयपी कमांडने दिलेला पत्ता तत्काळ लागतो, पण तो मेमरीत असतो, रीबूटनंतर उरत नाही. आणि नुसती फाइल बदलून चालू इंटरफेस हलत नाही. या दोन्हींत तफावत राहिली की लगेच काहीच बिघडत नाही, हाच खरा धोका. हाताने पत्ता बदलला, सगळं सुरळीत चाललं, फाइल तशीच राहिली. पुढे कधीतरी वीज जाते, मशीन जुना पत्ता घेऊन उठतं, आणि एव्हाना तो पत्ता दुसऱ्याच मशीनला दिलेला असतो. आता भांडण दोन मशीनचं आणि शोधणारा तिसराच. म्हणून बदल झाल्यावर ठरलेल्या वेळेत मशीन एकदा रीबूट करून बघायचंच, हा तुमचा आग्रह आम्ही नियम म्हणून पाळतो.

कुठल्या सिस्टीमची फाइल कुठली, हेही तुम्ही वेगवेगळं लिहिलंत. फ्रीबीएसडीवर सगळं इटीसी या सेटिंगच्या फोल्डरातल्या आरसी डॉट कॉन्फमध्ये, ओपनबीएसडीवर प्रत्येक इंटरफेसची स्वतःची होस्टनेम फाइल आणि गेटवेसाठी (आपल्या नेटवर्कमधून बाहेर जाण्याचं दार) मायगेट, डेबियनच्या जुन्या पद्धतीत इटीसी नेटवर्कखालची इंटरफेसेस फाइल, उबंटूवर नेटप्लॅनची यॅमल, सोलारिस ११ वर फाइलला हात न लावता आयपीएडीएम. पण यादी कुठेही मिळते. आम्हाला मोलाचे वाटतात ते प्रत्येक नावापुढे लिहिलेले खाचखळगे.

आरसी डॉट कॉन्फ ही शेल वाचते, त्यामुळे एक अवतरणचिन्ह सुटलं तरी बूट अडकतं. सेव्ह केल्यावर एसएच कमांडला वजा एन पर्याय देऊन ती फाइल तपासायची, दोन सेकंदांचं काम. त्याच फाइलमध्ये जादा पत्ते एलियास शून्यपासून ओळीने क्रमांक देऊन लिहायचे, मधला आकडा गाळला तर त्यापुढचे एलियास लागतच नाहीत आणि तक्रारही दिसत नाही. नेटइफ सर्व्हिस रीस्टार्ट केली की डिफॉल्ट रूट, म्हणजे गेटवेकडे जायची ठरलेली वाट, जातो, म्हणून पाठोपाठ राउटिंग सर्व्हिसही रीस्टार्ट करायची, दोन्ही एकाच ओळीत. डेबियनवर आधी आयएफडाउन, मग फाइलमध्ये बदल, मग आयएफअप. फाइल आधी बदलली तर आयएफडाउन नवीन मजकूर वाचून काम करतं आणि जुना पत्ता इंटरफेसवर लोंबकळत राहतो. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या.

दुसरे आभार दुरून बदल करण्याच्या पानाचे. ज्या तारेवरून आपण मशीनमध्ये शिरलोय तीच तार बदलायची, तर परतीची वाट आधी करून ठेवायची. कन्सोल (नेटवर्कशिवाय थेट मशीनवर काम करायचा पडदा-कीबोर्ड) हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर तुमची पद्धत: फाइलला अजून हात लावायचा नाही, शटडाउन कमांडने १० मिनिटांनंतरचं रीबूट लावायचं, आणि मग बदल फक्त चालू कर्नलमध्ये करायचा. आपली जोडणी तुटली तरी मशीन जुनी फाइल वाचून परत उठतं. सगळं नीट दिसलं की रीबूट रद्द, आणि त्यानंतरच फाइल लिहायची. पत्ता दोन ठिकाणी असतो ही अडचण तुम्ही इथे सोय म्हणून वापरलीत, ते आम्हाला फार आवडतं. त्यातही शेवटच्या ५ मिनिटांत साध्या खात्याला नवीन लॉगिन मिळत नाही, म्हणून नव्या पत्त्यावरून शिरून बघण्याची चाचणी पहिल्या ५ मिनिटांतच उरकायची, हे तुम्ही लिहिलं नसतं तर बदल बरोबर असूनही चुकलाय असं वाटून माणूस गोंधळला असता. उबंटूवर हेच काम नेटप्लॅनचा ट्राय पर्याय करतो, १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनी रचना परत आणतो.

पत्ता बदलताना आधी नवा जोडायचा, नव्यावरून दुसरं सेशन उघडायचं, मग जुना काढायचा. इथे लिनक्सची एक खोड आहे. नवा पत्ता त्याच सबनेटमधला (एका तारेवरच्या पत्त्यांचा गट) असेल तर तो दुय्यम ठरतो, आणि मुख्य पत्ता काढला की दुय्यमही सोबत जातो. कर्नलची प्रमोट सेकंडरीज ही सेटिंग १ असेल तरच तो मागे राहतो. काही वितरणांत ती आधीपासून १ असते, काहींत नसते, तेव्हा काढण्याआधी बघून घ्यायचं. तसंच इंटरफेस डाउन करून अप केला की पत्ता टिकतो, पण हाताने लावलेला डिफॉल्ट रूट टिकत नाही. म्हणून डाउन, अप आणि रूट, तिन्ही कमांड एकाच ओळीत द्यायच्या.

नेटमास्कचं, म्हणजे पत्त्याचा किती भाग सबनेटचा हे सांगणाऱ्या आकड्याचं, पान तर आम्ही प्रत्येक नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात वाचायला देतो. तुमची सगळी उदाहरणं १९२.०.२ च्या पट्ट्यातली आहेत. तो पट्टा लिखाणातल्या उदाहरणांसाठीच राखलेला आहे, त्यामुळे कुणी ओळ जशीच्या तशी चिकटवली तरी खऱ्या मशीनशी टक्कर होत नाही. ही काळजी फार थोडे लोक घेतात. उदाहरणही नेमकं आहे. सबनेट १९२.०.२.६४, प्रीफिक्स (मास्क लिहायची छोटी रीत) २६, म्हणजे पत्ते ६४ ते १२७, गेटवे ६५, आपलं मशीन ७०. आता कुणी सवयीने २६ ऐवजी २४ लिहिलं तर काय होतं? गेटवे दिसतो, बाहेरचं जग दिसतं, सगळं ठीक वाटतं. फक्त १९२.०.२.१३० सारखी शेजारच्या सबनेटमधली मशीन दिसत नाहीत, कारण आपलं मशीन त्यांना आपल्याच तारेवरचं समजून गेटवेकडे न जाता थेट एआरपीने (तारेवर पत्त्याचा मालक शोधायची पद्धत) हाका मारत बसतं. मग माणूस फायरवॉलवर संशय घेतो आणि तिथेच खणत बसतो. तुम्ही लिहिलंय: बाहेर जाता येतं पण शेजारी पोचता येत नाही, असं दिसलं की आधी मास्क बघा. याची उलट बाजूही दिलीत. लिनक्सच्या आयपी कमांडमध्ये प्रीफिक्स लिहायचाच राहिला तर ३२ धरला जातो, म्हणजे त्या सबनेटमध्ये मशीन एकटंच, आणि गेटवे लावायला गेलं की तो पोचण्याबाहेर असल्याचा एरर येतो. बीएसडीचं आयएफकॉन्फिग मास्क हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) दाखवतं, शेवटचे दोन अंक सी शून्य असतील तर २६, शून्य शून्य असतील तर २४, हेही कोपऱ्यात आहे.

तपासणी खालून वर करायची, ही शिस्तही तुमचीच. अप असं दिसलं म्हणजे फक्त आपण इंटरफेस चालू केलाय. तार खरोखर जिवंत आहे का, ते लिनक्सवर लोअर अप या झेंड्यावरून आणि बीएसडीवर स्टेटसच्या ओळीत ॲक्टिव्ह आहे का यावरून कळतं. मग वेग आणि डुप्लेक्स, म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी (फुल) की आळीपाळीने (हाफ). एका टोकाला ऑटो आणि दुसऱ्या टोकाला १०० फुल जबरदस्तीने लावलेलं असेल तर ऑटोवालं टोक हाफ धरतं. पिंग नीट चालतं, पण मोठी फाइल पाठवली की वेग कोसळतो आणि एररचे आकडे चढतात. दोन्ही टोकं ऑटो ठेवायची, किंवा दोन्ही बांधायची. मग पत्ता आणि मास्क, मग गेटवेला पिंग, मग बाहेरच्या पत्त्याला आकड्यांनी पिंग, आणि सगळ्यात शेवटी नावाने. नाव अडलं तर नावांचे सर्व्हर लिहिलेली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ बघायची, आणि ती पत्ते आपोआप देणाऱ्या डीएचसीपीने परत लिहिली का तेही.

एमटीयूचं (एका पॅकेटचा मोठ्यात मोठा आकार) पान छोटं असूनही सगळ्यात जास्त वेळ त्यानेच वाचवला असेल. लक्षण विचित्र असतं. लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात, लांब यादी मागवली की सेशन गोठतं. पिंगला पॅकेट तोडू नको असं सांगून १४७२ बाइट पाठवायचे. त्यात पिंगच्या आयसीएमपी हेडरचे ८ आणि आयपी हेडरचे २० मिळवले की १५०० होतात. ते अडले आणि १४६४ गेले, तर वाटेत कुठेतरी १४९२ ची मर्यादा आहे, बहुधा पीपीपीओई ही ब्रॉडबँड जोडणीची पद्धत. ९००० चा एमटीयू लावायचा तर त्या तारेवरची सगळी मशीन आणि मधला स्विच, सगळ्यांना तो झेपला पाहिजे.

तुमच्या परवानगीने त्या टिपणांत दोन ठिकाणी भर घातली आहे. एक, नवीन लिनक्सवर इंटरफेसचं नाव कार्डाच्या पीसीआय खाचेच्या जागेवरून पडतं, त्यामुळे मशीनमध्ये एखादं कार्ड वाढवलं की जुन्या कार्डाचंही नाव बदलू शकतं. म्हणून कार्ड बसवण्याआधी मॅक पत्त्यावरून (कार्डाचा स्वतःचा पत्ता) नाव पक्कं करायची लिंक फाइल लिहून ठेवायची. दोन, एकाच सबनेटचे दोन पत्ते दोन वेगळ्या इंटरफेसवर लावू नयेत, कारण लिनक्स कुठल्याही कार्डावरून दुसऱ्याच्या पत्त्याचं एआरपी उत्तर देतं. दोन्ही तारा वापरायच्याच असतील तर बाँड करावा, म्हणजे दोन्ही मिळून एकच इंटरफेस.

दोन्ही नोंदींखाली तारीख घातली आहे. वाचून काही चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठवा, तुमच्या हातची दुरुस्ती आम्हाला हवीच आहे.

तुमचे मनापासून आभारी,
तुमच्या टिपणांवर रोज काम करणारे आम्ही सगळे