शूटआऊटला नशीब म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारी (१ जुलै २०१८) ब्रेडाला हॉकीच्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला बरोबरीनंतरच्या शूटआऊटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर गोल करायचा) ३-१ ने हरवलं. तेव्हापासून आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जो भेटतो तो एक तर नशिबाला बोल लावतो, नाही तर शूटआऊटमध्ये चुकलेल्या सरदार आणि हरमनप्रीतला. ऑस्ट्रेलियाच्या गोव्हर्सचा २४व्या मिनिटाचा गोल ४२व्या मिनिटाला फेडला तो आपल्या इटारसीकडच्या विवेक सागर प्रसादने. वय वर्षे १८. त्याचं नाव मात्र कुणी काढत नाही.

२०१६ला लंडनच्या अंतिम सामन्यातही समोर ऑस्ट्रेलियाच, सामना ०-०, शूटआऊट १-३. तेव्हा त्यांच्या बीलला पुन्हा संधी दिली म्हणून पंचांवर खापर फोडता आलं. आणि हरमनप्रीतला पाठवलंच कशाला, असं विचारणाऱ्यांनी एवढं आठवावं की लंडनला आपला एकुलता एक गोल त्याचाच होता.

जुनी मंडळी १९७३ काढतात. हॉलंडमध्येच, २-० अशी आघाडी घेऊन आपण विश्वचषक पेनल्टी स्ट्रोकवर घालवला होता. पण स्ट्रोक हा वेगळाच प्रकार. तिथे चेंडू ६.४० मीटरवर ठेवलेला आणि गोलरक्षक रेषेला खिळलेला असतो. शूटआऊटमध्ये चेंडू २३ मीटरच्या रेषेवर, हातात ८ सेकंद आणि शिट्टी वाजली की गोलरक्षकही पुढे धावायला मोकळा.

आता हिशेब पाहा. डीची (गोलपुढच्या अर्धवर्तुळाची) कड गोलपासून १४.६३ मीटरवर. म्हणजे डीत शिरायला धावायचं जेमतेम साडेआठ मीटर, दोन सेकंदांचं काम. उरतात सहा. तरी मुलं डीत पाय पडताच मारून मोकळी होतात आणि चेंडू पॅडवर आपटतो. रिबाउंडवर पुन्हा मारता येतं, पण तोल गेलेला असतो. दुसरी चूक उलटी: गोलरक्षक बाहेर रेटत नेतो, खेळाडू त्याच्या मागे वाहवत जातो, कोन संपतो, मग चेंडू गोलरेषेबाहेर किंवा वेळ संपल्याचा हूटर. खरी युक्ती गोलरक्षकाला आधी पाडण्यात आहे. फोरहँडवर मारण्याचा आव आणायचा, त्याने पॅड आडवं टाकलं की चेंडू रिव्हर्सला (डाव्या बाजूला) ओढायचा आणि उचलून त्याच्यावरून टाकायचा. घाईत त्याने नकळत फाऊल केला तर शूटआऊट पुन्हा मिळतो, मुद्दाम केला तर स्ट्रोक.

हे मातीच्या मैदानावर पुरतं शिकता येत नाही. चेंडू उसळतो, ओढ फसते. शहरातल्या कंपू भागातल्या हॉकी अकादमीत टर्फ (कृत्रिम गवत) आहे, पण शहरातल्या सगळ्या पोरांना ते कुठून मिळणार? (हॉकीपटू रूपसिंगांच्या नावाचं स्टेडियम आपण केव्हाच क्रिकेटला देऊन बसलो!) तरी आठ सेकंदांचा अंदाज मातीवरही बसतो. सराव मात्र शेवटी घ्यावा, दम लागलेला असताना. ताज्या पायांनी मारलेले गोल सामन्यात उपयोगाचे नाहीत. गोलरक्षक पूर्ण किटमध्ये हवा आणि बाहेरून कुणीतरी सेकंद मोठ्याने मोजावेत.

आमची सूचना साधी आहे. शहरातल्या शालेय आणि क्लबच्या स्पर्धांत निकाल लागला असला तरी प्रत्येक सामन्यानंतर पाच-पाच शूटआऊट घ्यावेत. फार तर पंधरा मिनिटं जातील. आयोजकांनी याच मोसमापासून करून पाहावं.

आपले,
काही हॉकीप्रेमी वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर